वैद्यांची गणती आणि गावाची साक्ष : भूम तालुक्याच्या निमित्ताने आरोग्यपाहण्यांच्या इतिहासाचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

कोणत्याही प्रदेशाच्या आरोग्यस्थितीचा अभ्यास करू पाहणाऱ्याला दोन प्रकारच्या माणसांकडे जावे लागते : जे आजारी पडतात ते, आणि जे त्यांच्यावर उपचार करतात ते. पहिल्या वर्गाकडे कसे जावे याविषयी आपल्याकडे पुष्कळ विचार झालेला आहे. घरांची यादी करावी, तीतून नमुना निवडावा आणि घरोघर जाऊन विचारावे, हा मार्ग आता रूढ झाला आहे. दुसऱ्या वर्गाच्या बाबतीत मात्र पहिल्याच पायरीवर अडचण उभी राहते. उपचार करणाऱ्यांची यादी मिळावी कोठून? शासनमान्य परिषदांकडे नोंदणीपुस्तके असतात हे खरे. परंतु पुस्तकात ज्याचे नाव आहे तो त्या पत्त्यावर असतोच असे नाही, आणि गावात प्रत्यक्ष सुई टोचणारा, हाड बसविणारा किंवा बाळंतपण करणारा मनुष्य त्या पुस्तकात असतोच असेही नाही. यादी हाती आली तरी प्रश्न संपत नाही. डॉक्टरला वेळ नसतो. सुईणीला आपण काही ‘व्यवसाय’ करतो हेच मान्य नसते. आणि ज्याच्याजवळ पदवी नाही तो प्रश्नावली पाहताच सावध होतो.

या अडचणीला पाहणीशास्त्रात सामान्यतः तांत्रिक अडचण मानण्यात येते. अधिक फेऱ्या माराव्यात, मानधन द्यावे, प्रश्नावली आखूड करावी, असे उपाय सुचविले जातात. ते निरुपयोगी आहेत असे नव्हे. परंतु गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर वेगळेच कारण पुढे येते. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : उपचारक पाहणीला दुर्लभ होतो तो मुख्यतः अंतरामुळे नव्हे, तर विचारणाऱ्याच्या हाती असलेल्या, किंवा असावा असे वाटणाऱ्या, अधिकारामुळे. ज्या नोंदीपाठोपाठ परवाना किंवा शिक्षा येते तिच्यापासून तो दूर राहतो. ज्या विचारणेमागे अभय असते, अथवा कामातील परस्पर देवघेव असते, तिला तो उत्तर देतो. म्हणून अशा पाहणीचा आरंभ कचेरीतील पुस्तकापासून न होता गावाच्या साक्षीपासून झाला पाहिजे.

२. सीमेवरील तालुका

या विचारासाठी धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुका निवडण्यास सबळ कारण आहे. बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेला हा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. त्याच्या पश्चिमेला जामखेड आणि दक्षिणेकडे बार्शी. जामखेड अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील, तर बार्शी सोलापूर जिल्ह्यातील, म्हणजे दोन्ही गावे मुंबई इलाख्यातील. भाषा एक, नातीगोती एक, बाजारही बहुतांशी एक. परंतु राजसत्ता आणि कायदे दोन. १८९७ मध्ये बार्शीची अरुंदमापी रेल्वे सुरू झाली आणि १९११ मध्ये ती लातूरपर्यंत पोचली, तेव्हा या परगण्यातील माणसाची बार्शीच्या पेठेकडील ये-जा अधिकच वाढली. पेठेकडे जाणाऱ्या वाटेवरूनच रोगीही वैद्याकडे जातो. मात्र वैद्याची नोंद करणारा कायदा सीमेपाशी थांबत असे.

१९३८ चा मुंबईचा वैद्यक व्यवसायी अधिनियम हे याचे स्पष्ट उदाहरण होय. आयुर्वेदीय व युनानी पद्धतींच्या व्यावसायिकांची नोंदणी करणारा तो आपल्या देशातील आरंभीचा कायदा. पदवी नसतानाही परंपरेने व्यवसाय करणाऱ्यांसाठी त्यात वेगळ्या सूचीची सोय होती. बार्शीच्या वैद्याला या कायद्याने एक स्थान दिले. काही कोसांवरील भूमच्या वैद्याला तो लागूच नव्हता. दोघांचे ज्ञान, औषधे आणि रोगी सारखेच असू शकत होते. फरक होता तो केवळ कागदाचा. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद राज्य भारतात आले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाने राज्यातील नोंदणी एका कायद्याखाली आणली. तोपर्यंत भूमसारख्या भागातील परंपरागत उपचारकांची एक संपूर्ण पिढी शेजारच्या तालुक्यात चाललेल्या नोंदणीबाहेर राहिली होती. नोंदणीपुस्तकावरून नमुना काढणाऱ्या अभ्यासकाने हे ध्यानात ठेवले पाहिजे की, पुस्तकातील रिकाम्या जागा म्हणजे गावातील रिकाम्या जागा नव्हेत. त्यांपैकी कित्येक राजकीय सीमेने निर्माण केलेल्या आहेत.

३. शिरगणती आणि समित्या

उपचारकांची गणती करण्याचा पहिला व्यापक प्रयत्न शिरगणतीने केला. हैदराबाद राज्यात पहिली शिरगणती १८८१ मध्ये झाली. पुढील गणत्यांत धंद्यांचे वर्गीकरण वारंवार बदलत गेले. १९११ च्या वर्गीकरणात सर्व प्रकारचे वैद्यक व्यवसायी एका गटात घालण्यात आले, दंतवैद्य, नेत्रवैद्य आणि गुरांचे डॉक्टरही त्यांतच. आणि सुइणी, देवी टोचणारे, कंपाउंडर, परिचारिका, अंग रगडणारे यांचा दुसरा गट करण्यात आला. या गटांची नावे वाचली तरी अभ्यासकाला सावध व्हावे लागते. जी स्त्री वर्षातून काही बाळंतपणे करते, मोबदल्यात धान्य-लुगडे घेते आणि उरलेला काळ शेतात राबते, ती गणती करणाऱ्याला आपला धंदा काय सांगेल? शेतमजुरी असेच सांगेल. घरातील पुरुषाने उत्तर दिले तर तेवढेही सांगितले जाणार नाही. हाडवैद्याचे, विंचू उतरविणाऱ्याचे तसेच. उपचार हा त्यांचा गुण होय, धंदा नव्हे, अशी गावाची समजूत असते. गुणाचा रकाना शिरगणतीच्या तक्त्यात नव्हता.

शिरगणतीनंतर समित्यांचा काळ येतो. १९२१ मध्ये मद्रास सरकारने महंमद उस्मान यांच्या अध्यक्षतेखाली देशी वैद्यकाविषयी समिती नेमली. तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. समितीने प्रश्नावली काढली आणि तिला इंग्रजीबरोबरच संस्कृत, तमिळ, उर्दू आदी भाषांतही उत्तरे आली. वैद्यांना त्यांच्या भाषेत उत्तर देण्याची मुभा असावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तथापि लेखी प्रश्नावलीला लेखी उत्तर देणारा वैद्य हा ग्रंथ वाचणारा वैद्य असतो. सुईण आणि वैदू यांचे म्हणणे त्या मार्गाने येणे शक्य नव्हते. प्रश्न विचारण्याची रीतच उत्तर देणारा निवडते, हा पाहणीशास्त्रातील महत्त्वाचा सिद्धान्त येथे प्रत्यक्ष दिसतो.

ऑक्टोबर १९४३ मध्ये नेमलेल्या आणि १९४६ मध्ये अहवाल सादर केलेल्या भोर समितीचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मुख्यतः या अहवालावर उभा राहिला. ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, हे समितीचे आकडे आजही उद्धृत केले जातात. हे आकडे नोंदणीकृत व्यावसायिकांचे होते, आणि ते ब्रिटिश हिंदुस्थानचे होते. हैदराबाद राज्य, अर्थात भूमही, त्यांच्या कक्षेबाहेर. समितीने दाखविलेला तुटवडा खरा होता याबद्दल शंका नाही. परंतु डॉक्टर नसलेल्या ठिकाणी लोक कोणाकडे जात होते, या प्रश्नाचे उत्तर त्या गुणोत्तरात नाही. ‘डॉक्टर नाही’ याचा अर्थ ‘उपचार नाही’ असा धरला गेला, आणि जे उपचार करीत होते ते नियोजनाच्या दृष्टीने अदृश्य झाले. स्वातंत्र्योत्तर ग्रामीण आरोग्यविचारावर याची छाया दीर्घकाळ राहिली.

४. दोन कायदे, दोन उत्तरे

उपचारक केव्हा बोलतो आणि केव्हा गप्प राहतो, हे समजून घेण्यासाठी दोन कायदे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

पहिला, वर उल्लेखिलेला १९६१ चा अधिनियम. त्याच्या ३३ व्या कलमाने नोंदणीशिवाय वैद्यक व्यवसाय करण्यास मनाई केली आणि त्यासाठी शिक्षा ठरविली. रुग्णाच्या संरक्षणासाठी असे कलम आवश्यक आहे, यात वाद नाही. परंतु पाहणीच्या दृष्टीने त्याचा परिणाम उघड आहे. पदवी नसलेल्या उपचारकाला ‘तुमचा नोंदणी क्रमांक काय?’ हा प्रश्न विचारणे म्हणजे त्याने स्वतःविरुद्ध जबानी द्यावी अशी अपेक्षा करणे होय. बोगस डॉक्टरांविरुद्ध मोहीम निघाली की दवाखान्याचे दार बंद होते. मोहीम सरली की ते पुन्हा उघडते. अशा दाराशी प्रश्नावली घेऊन जाणारा विद्यार्थी आणि तपासणीसाठी आलेला अधिकारी यांत त्या माणसाने फरक कसा करावा?

दुसरा कायदा १९४८ चा जनगणना अधिनियम. त्याच्या १५ व्या कलमानुसार जनगणनेच्या नोंदी कोणाला पाहता येत नाहीत, आणि न्यायालयात पुरावा म्हणून त्या ग्राह्य धरल्या जात नाहीत. जनगणनेचा प्रगणक, बहुधा गावचाच शिक्षक, घरी येतो. धंदा कोणता आणि शिक्षण किती, हे वेगवेगळे विचारतो. आणि प्रमाणपत्र दाखवा असे म्हणत नाही.

या अभयाचे फळ काय, हे २०१६ मध्ये दिसून आले. सुधीर आनंद आणि व्हिक्टोरिया फॅन यांनी २००१ च्या जनगणनेतील माहितीवरून भारतातील आरोग्यसेवकांचा अभ्यास केला आणि जागतिक आरोग्य संघटनेने तो प्रसिद्ध केला. आपण ॲलोपॅथीचे डॉक्टर आहोत असे सांगणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांचे शिक्षण माध्यमिक शाळेपर्यंतच झाले होते, आणि ५७ टक्क्यांजवळ कोणतीही वैद्यकीय पात्रता नव्हती. ग्रामीण भागात पात्रता असलेल्यांचे प्रमाण केवळ १८.८ टक्के निघाले. हे आकडे एखाद्या धाडीतून मिळालेले नाहीत. ते त्या व्यक्तींनी किंवा त्यांच्या घरच्यांनी आपण होऊन दिलेल्या उत्तरांतून मिळाले. एकच मनुष्य नोंदणी अधिकाऱ्यापासून दडतो आणि प्रगणकाला आपण डॉक्टर असल्याचे सांगतो. मनुष्य तोच, गावही तेच. बदलला आहे तो प्रश्नामागील अधिकार.

गावापासून आरंभ करण्याच्या पद्धतीला आणखी एका मोठ्या पाहणीने बळकटी दिली आहे. १९ राज्यांतील १,५१९ गावांत गावकऱ्यांना विचारून उपचारकांच्या याद्या करण्यात आल्या. तीन-चतुर्थांश गावांत एक तरी उपचारक आढळला. एकंदर उपचारकांपैकी ८६ टक्के खाजगी होते, आणि ६८ टक्क्यांनी वैद्यकाचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. याच गावांत नोंदणीपुस्तक घेऊन गेले असते तर यांतील बहुसंख्य माणसे अस्तित्वातच नाहीत, असा निष्कर्ष निघाला असता.

५. बार्शी, परंडा, भूम : नोंदणीचा वेगळा मार्ग

अभयामुळे उत्तर मिळते, हे झाले. देवघेवीमुळे ते कसे मिळते, याचे उदाहरण भूमच्या दाराशीच आहे.

१९८७ मध्ये बार्शी येथे भारतातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात तिचा अंतर्भाव आहे, आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय हे तिचे केंद्र. या कार्याशी डॉ. बी. एम. नेने आणि टाटा स्मारक केंद्राच्या कस्तुरी जयंत यांची नावे निगडित आहेत. नोंदणीचे क्षेत्र बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावांचे आहे. यांपैकी बार्शी पूर्वीच्या मुंबई इलाख्यातील, तर परंडा व भूम पूर्वीच्या हैदराबाद राज्यातील. ज्या सीमेने एकेकाळी वैद्यांची नोंद अडविली होती, तिच्या दोन्ही बाजूंची गावे रोगाच्या नोंदीसाठी प्रथमच एका सूत्रात आली.

मुंबईसारख्या शहरात कर्करोगाची नोंद करावयाची तर रुग्णालयांची दप्तरे, रोगनिदान प्रयोगशाळांचे अहवाल आणि मृत्यूचे दाखले तपासणे, हा मुख्य मार्ग असतो. ग्रामीण भागात ही पद्धत लागू पडत नाही, कारण रोगी रुग्णालयापर्यंत पोचतच नाही. तो गावातील वैद्याकडे जातो, मग तालुक्याच्या दवाखान्यात, मग देवाला, आणि पुष्कळदा घरीच मरतो. दप्तरात जे नाही ते दप्तर तपासून कसे मिळणार? म्हणून बार्शीच्या नोंदणीने उलट दिशा धरली. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले, लोकांना कर्करोगाची लक्षणे समजावून सांगू लागले, आणि संशयित रुग्णाने बार्शीला येऊन तपासून घ्यावे म्हणून त्याचे मन वळवू लागले.

यातील मर्म पाहण्यासारखे आहे. नोंदणी करणारा येथे रिकाम्या हाताने येत नाही. तो माहिती मागतो त्याबरोबर माहिती देतो, आणि निदानाची वाट दाखवितो. वारंवार येण्यामुळे तो गावाला परका राहत नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, या संपर्कामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत निदानासाठी येऊ लागले. नोंद करण्याच्या कृतीनेच नोंदीतील वस्तुस्थिती बदलली! शुद्ध निरीक्षणाचा आग्रह धरणाऱ्याला हा दोष वाटेल. आमच्या मते, ज्या ठिकाणी उदासीन निरीक्षणाला काहीच दिसत नाही तेथे एवढी किंमत देणे योग्यच होय. मात्र तो बदल मोजला पाहिजे आणि सांगितला पाहिजे, जसा येथे सांगितला गेला.

या पायावर पुढे मोठे काम झाले. १९९९ मध्ये धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात ५२ ग्रामसमूहांतील १,३१,७४६ स्त्रियांना सामावून घेणारी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी सुरू झाली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूशोधक चाचणी एकदाच केल्यानेही या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने कमी झाल्याचे त्यात दिसून आले, आणि त्याचा परिणाम जगभरच्या धोरणांवर झाला. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांना चाचणी दिली गेली नव्हती, यावरून पुढे नैतिक वादही झाला. तो वाद येथे सोडविण्याचे प्रयोजन नाही. परंतु ज्यांच्याकडून माहिती घ्यावयाची त्यांचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न या जिल्ह्याच्या संशोधनेतिहासात एकदा उभा राहिलेला आहे, आणि उपचारकांच्या पाहणीतही तो टाळता येणार नाही.

भूमच्या पश्चिमेला, जामखेड येथे, याच तत्त्वाचा आणखी एक आविष्कार आढळतो. १९७० मध्ये रजनीकांत व मेबल आरोळे या दाम्पत्याने तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आरंभी प्रशिक्षित परिचारिकांवर भिस्त ठेवून पाहिल्यावर त्यांनी गावातीलच स्त्रियांना, त्यांत निरक्षर व दलित स्त्रियाही आल्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या स्त्रियांना गावातील गरोदर स्त्री, कुष्ठरोगी, खंगत चाललेले मूल, यांची माहिती असे; कारण ती माहिती त्यांच्या रोजच्या व्यवहाराचा भाग होती. शहरातून आलेल्या माणसाला महिनाभर हिंडून जे कळले नसते ते त्यांना विहिरीवर कळत असे.

६. डॉक्टरची साक्ष आणि दुकानाची साक्ष

येथवरच्या विवेचनावरून असे वाटण्याचा संभव आहे की, नोंदणीपुस्तक व टपाल हे मार्ग सर्वथा त्याज्य होत. तसे नाही. ३१ ऑक्टोबर १९५१ रोजी रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधील सुमारे ६०,००० डॉक्टरांना धूम्रपानाविषयी एक आखूड प्रश्नावली टपालाने पाठविली. ४०,००० हून अधिक डॉक्टरांनी उत्तरे दिली, आणि तंबाखू व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध त्यातून पुढे आला. येथे नोंदणीपुस्तक विश्वसनीय होते, प्रश्न थोडे होते, डॉक्टरांच्या संघटनेचे साहाय्य होते, आणि उत्तर दिल्याने कोणाचा परवाना जाणार नव्हता. या चार अटी जेथे पुऱ्या होतात तेथे टपाल पुरते. भूममध्ये शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्यांपुरत्या त्या कदाचित पुऱ्या होतील. इतरांच्या बाबतीत होणार नाहीत.

डॉक्टर बोलला तरी तो जे सांगतो आणि जे करतो त्यांत अंतर असू शकते. जेम्स कोलमन, एलिहू कॅट्झ आणि हर्बर्ट मेंझेल यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील चार गावांत १२५ डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या. एक नवे औषध डॉक्टरांत कसे पसरते, हा त्यांचा विषय होता. डॉक्टरांच्या आठवणीवर न विसंबता त्यांनी औषधाच्या दुकानांतील चिठ्ठ्या तपासल्या. मुलाखतीतून डॉक्टरांचे परस्परसंबंध कळले, आणि दुकानाच्या दप्तरातून त्यांची कृती कळली.

महाराष्ट्रात याच प्रश्नाला मुकुंद उपळेकर यांनी हात घातला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मुंबईतील गरीब वस्त्यांत व्यवसाय करणाऱ्या खाजगी डॉक्टरांना क्षयरोगावरील उपचार विचारण्यात आले. शंभर डॉक्टरांनी ऐंशी निरनिराळ्या उपचारपद्धती लिहून दिल्या. शासकीय क्षयरोग कार्यक्रमाच्या कागदोपत्री हे डॉक्टर तोवर जवळजवळ नव्हतेच. त्यांच्यापर्यंत कोणी तरी गेल्यामुळे हे कळले, आणि खाजगी व्यावसायिकांना वगळून क्षयरोगाचे नियंत्रण अशक्य आहे, या विचाराला आधार मिळाला. २०१२ मध्ये क्षयरुग्णांची सूचना शासनास देणे बंधनकारक झाले, तरी खाजगी क्षेत्रातून येणाऱ्या सूचना अपुऱ्याच राहिल्या. अखेर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने औषधविक्रीच्या आकड्यांवरून हिशेब मांडला, आणि २०१४ या वर्षात सुमारे २२ लाख रुग्ण खाजगी क्षेत्रात उपचार घेत असावेत, असे अनुमान काढले. पूर्वीच्या समजुतीच्या ते दुप्पट ते तिप्पट होते. जे डॉक्टरने सांगितले नाही ते दुकानाने सांगितले. उपचारकांपर्यंत न पोचण्याची किंमत काय असते, हे या आकड्यावरून कळते : तिकडे लाखो रुग्णांचा हिशेबच लागत नव्हता.

७. भूममधील पाहणीसाठी पद्धतिविचार

या इतिहासातून भूमसारख्या तालुक्यात काम करणाऱ्या विद्यार्थ्याने काय घ्यावे? आमच्या मते पुढील गोष्टी विचारार्ह आहेत.

यादी गावाकडून घ्यावी. निवडलेल्या गावात काही घरांत जाऊन एकच प्रश्न विचारावा : ‘घरात शेवटचे कोणी आजारी पडले तेव्हा प्रथम कोणाकडे गेलात?’ ‘गावात डॉक्टर आहे काय?’ असे विचारल्यास गावकरी शासनाला मान्य होईल असे उत्तर देतो. शेवटच्या आजाराविषयी विचारल्यास प्रत्यक्ष घडलेले सांगतो. बाळंतपण, मोडलेले हाड, सर्पदंश, तान्ह्या मुलाचा ताप, यांविषयी वेगवेगळे विचारावे, कारण प्रत्येकाचा उपचारक वेगळा असतो. ‘सुईण कोण?’ यापेक्षा ‘अमुक घरचे बाळंतपण कोणी केले?’ या प्रश्नाला नाव मिळते.

गावाची यादी दुसऱ्या यादीशी ताडून पाहावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका आणि आशा कार्यकर्त्या, तसेच औषधविक्रेते, यांच्याकडून स्वतंत्रपणे दुसरी यादी मिळू शकते. दोन अपूर्ण याद्यांवरून पूर्ण संख्येचे अनुमान कसे काढावे, हे सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ मध्ये जन्म-मृत्यूंच्या नोंदींच्या संदर्भात दाखविले. समजा, गावकऱ्यांच्या यादीत ४० नावे आहेत, दुसरीत ३०, आणि दोन्हींत सामाईक २०. तर दुसऱ्या यादीतील दोन-तृतीयांश नावे पहिलीत सापडली, म्हणजे पहिली यादी सुमारे दोन-तृतीयांश पूर्ण आहे, आणि एकंदर संख्या सुमारे ६० असावी. मात्र दोन्ही याद्या परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे येथे गृहीत धरलेले आहे. जो एका यादीपासून दडतो तो बहुधा दुसरीपासूनही दडतो. म्हणून असे अनुमान प्रत्यक्षाहून कमीच असण्याचा संभव अधिक, हे स्पष्टपणे लिहावे.

एकाने दुसऱ्याचे नाव सांगावे, दुसऱ्याने तिसऱ्याचे, ही साखळीची पद्धतही उपयोगी आहे. परंतु तिची मर्यादा जाणून घ्यावी. पदवीधर डॉक्टर पदवीधराचेच नाव सांगतो, वैद्य वैद्याचे. वैदूचे नाव कोणीच सांगत नाही. म्हणून साखळीचा आरंभ एका ठिकाणाहून न करता निरनिराळ्या थरांतून करावा, आणि कोणती साखळी कोठे तुटली याची टिपण ठेवावी.

भेटीची वेळ उपचारकाच्या दिनक्रमावरून ठरवावी. बाजारच्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात रीघ असते; त्या दिवशी डॉक्टरला थांबविणे म्हणजे रोग्याला थांबविणे. या डोंगराळ पट्ट्यातून हंगामात अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्यांच्याबरोबर सुईणीही जातात. हिवाळ्यात केलेल्या पाहणीत त्या सापडल्या नाहीत, एवढ्यावरून गावात सुईण उरली नाही असे म्हणता येत नाही.

प्रश्नांचा क्रम अभय देणारा असावा. रोग कोणते येतात, कोणता रोगी पुढे पाठवावा लागतो, पाठविताना अडचण कोणती, हे प्रथम विचारावे. या प्रश्नांत उपचारक हा जाणकार असतो, आरोपी नसतो. शिक्षणाचा प्रश्न अखेरीस, जनगणनेच्या रीतीने, प्रमाणपत्राची मागणी न करता विचारावा. भेटीच्या बदल्यात त्याला उपयोगी पडेल असे काही द्यावे : क्षयाच्या तपासणीची सोय कोठे आहे, कर्करोगाची कोणती लक्षणे दिसल्यास बार्शीला पाठवावे, अशी माहिती. रोख मानधनापेक्षा याचे मोल अधिक, आणि त्यात रुग्णाचेही हित आहे.

सर्वांत कठीण गोष्ट गुप्ततेची. शहरातील पाहणीत नाव वगळले म्हणजे माणूस झाकला जातो. तालुक्यात तसे होत नाही. ‘एका खेड्यातील मध्यमवयीन स्त्री डॉक्टर’ एवढे छापले तरी वाचणारा तालुका तिला ओळखतो. म्हणून गावाचे नाव छापू नये. नावांची यादी उत्तरांपासून वेगळी ठेवावी आणि काम संपताच ती नष्ट करावी. जनगणनेच्या नोंदींना १९४८ च्या कायद्याचे जे संरक्षण आहे ते विद्यार्थ्याच्या टिपणवहीला नाही. जे अभय आपण कायद्याने देऊ शकत नाही त्याचे तोंडी वचन देऊ नये; जेवढे खरोखर पाळता येईल तेवढेच सांगावे. एखाद्याच्या उपचाराने रोग्याच्या जिवाला तात्काळ धोका असल्याचे दिसले तर काय करावयाचे, हे भेटीला निघण्यापूर्वीच मार्गदर्शक व नीतिसमिती यांच्याशी ठरवून ठेवावे. तेथे मौन पाळणे हा संशोधनाचा गुण ठरत नाही.

८. समारोप

पाहणीच्या अहवालात प्रतिसादाची टक्केवारी देऊन न भेटलेल्यांचा विषय एका ओळीत संपविण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती बदलली पाहिजे. नकार कोणी दिला, दार कोणत्या प्रश्नापाशी बंद झाले, कोणाचे नाव गावाने सांगितले पण तो मनुष्य आपण उपचार करीत असल्याचे नाकबूल करतो, या गोष्टी म्हणजे पाहणीतील उणिवा नव्हेत. त्या इतिहासाची साधने होत. १९३८ च्या सूचीत भूमचा वैद्य नाही यावरून आज आपल्याला वैद्याविषयी काही कळत नाही, पण राज्यसीमेविषयी कळते. भोर समितीच्या गुणोत्तरात सुईण नाही यावरून सुइणीविषयी काही कळत नाही, पण नियोजनकारांच्या दृष्टीविषयी पुष्कळ कळते. उद्याच्या अभ्यासकाला आपल्या पाहण्यांतील रिकाम्या जागाही अशाच वाचाव्या लागतील.

बार्शी, परंडा आणि भूम येथील ३४६ गावांनी एक गोष्ट सिद्ध केली आहे : योग्य रीतीने, वारंवार आणि काही देण्याच्या तयारीने गेले असता ग्रामीण समाज स्वतःच्या दुखण्याविषयी बोलतो. तोच समाज ज्यांच्या हाती आपली नाडी देतो त्यांच्याविषयी असे काम अद्याप व्हावयाचे आहे. भूम तालुक्यातील काही गावे घेऊन, गावाच्या साक्षीवरून उपचारकांची यादी करण्याचा प्रयत्न एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने हाती घेतला, तर त्यातून हाती येणारी संख्या लहान असेल; परंतु कोणत्याही नोंदणीपुस्तकात नसलेली माणसे तीत असतील, आणि ती कोणत्या वाटेने सापडली हेही त्याला सांगता येईल.